भालूखोहच्या पलीकडचा रस्ता

माझ्या भावाला विमानात बसवायचं हे खूळ माझंच. तेव्हा पुढे जे झालं त्याचा अर्धा दोष माझा, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी मला बोट दाखवायला नको.

मी विनता. जबलपूरला रांझीच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून आवाज मोठा आणि जीभ सरळ. रत्नाकरदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि अगदी उलट. त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे चिमट्याने काटा काढण्यासारखं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्यातल्या घरात तो एकटा राहतो. सुहासिनीवहिनी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सुशांत पुण्याला असतो आणि रविवारी सकाळी फोन करतो. "बाबा, बरे आहात ना?" "हो." "जेवण?" "हो." झाला फोन. मी एकदा तिथे बसून ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे, पोराशी बोलून राहिला की पोस्टमनशी?"

गंमत अशी, की ह्या माणसाची नोकरीच बोलायची होती. दादा जंगल खात्यात वायरलेस ऑपरेटर. जंगल खातं म्हटलं की लोकांना वाटतं, ह्यांनी वाघ पाहिले असतील. कसला वाघ! ह्याने सागाचं झाडसुद्धा ऑफिसच्या टेबलाच्या रूपातच पाहिलं. लहानपणापासून दमा, म्हणून बाहेरची ड्यूटी कधी मिळाली नाही. बत्तीस वर्षं जबलपूरच्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून.

मंडला आणि डिंडोरीकडच्या डोंगरांत तेव्हा खात्याच्या एकतीस चौक्या होत्या. प्रत्येक चौकीत एखाद-दोन वनरक्षक, एक वायरलेस सेट, छपरावर सोलरची पाटी. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला दादा एकेका चौकीचं नाव घेऊन हाक मारायचा. पलीकडून "सब ठीक, ओवर" आलं, की रजिस्टरात त्या नावापुढे "सब ठीक" लिहायचं. ह्याला हाजिरी म्हणत. हाक सगळ्यांना ऐकू जायची. एकाला बोलावलं तरी बाकीचे तीस जण ऐकत असायचे. दादाने ह्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं, पण आवाज सगळे पाठ. जेवताना मध्येच म्हणायचा, "आज भालूखोहला सर्दी झाली." वहिनी कपाळाला हात लावायची. माणसांना तो चौक्यांच्याच नावाने ओळखायचा.

भालूखोह म्हणजे बिसराम मरावी. यादीतली एकतिसावी, सगळ्यात शेवटची चौकी. शेवटची म्हणून घाई नसायची, आणि दादा त्याच्याशी दोन शब्द जास्त बोलायचा. पाऊस किती, पाणी कुठपर्यंत, रात्री कोण ओरडलं. अकरा वर्षं, दिवसातून दोनदा. माझ्या नवऱ्याशी मी तरी एवढं नेमाने बोलले असेन का, शंकाच आहे.

आता जे सांगते ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी काढत नसे.

एकोणीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. चार दिवस आभाळ भरलेलं. सोलरच्या बॅटऱ्या बसल्या होत्या आणि रोज पाच-सात चौक्यांचं उत्तर येत नव्हतं. नियम असा, की तीनदा हाक मारायची, उत्तर नाही आलं तर "जवाब नहीं" लिहायचं, आणि लागोपाठ दोन हाजिऱ्या गेल्या की रेंज ऑफिसला, म्हणजे खात्याच्या तिथल्या कचेरीला, कळवून माणूस पाठवायला लावायचा. पण खोलीतले जुने ऑपरेटर काय करत, की हाजिरीच्या आधीच एकतीस नावांपुढे "सब ठीक" भरून ठेवत. नंतर कुणाचं उत्तर आलं नाही तर तेवढं खोडायचं. वेळ वाचतो. सगळेच करत. दादाही करत असे.

सोमवारी संध्याकाळी भालूखोह बोललं नाही. दादाला वाटलं, बॅटरी. खोडलं नाही. मंगळवार सकाळ, मंगळवार संध्याकाळ, बुधवार सकाळ, तसंच. बुधवारी संध्याकाळी पाळी बदलली आणि बंडू नावाचा नवा ऑपरेटर बसला. तो अजून नियमाने चालणारा. त्याने तीनदा हाक मारली, मागची पानं उलटली, तिथे सगळं ठीक. तरी त्याला राहवलं नाही. त्याने बाजूच्या चौकीला विचारलं. ती म्हणाली, भालूखोह तर सोमवारपासून बोललंच नाही.

रेंज ऑफिसची माणसं चौदा किलोमीटर चालत, दोन नाले ओलांडून गुरुवारी दुपारी पोचली. बिसराम टेहळणीच्या लोखंडी मनोऱ्याखाली पडलेला होता. ओल्या शिडीवरून घसरला, कमरेचं हाड मोडलं. सेट मनोऱ्यावर, तो खाली. जोडीदार तापाने घरी गेलेला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन दिवस तरी जिवंत असावा.

चौकशी झाली. साहेबाने शेवटी लिहिलं, की चौकी अति दुर्गम भागात असून वेळेवर कळवलं असतं तरी मदत वेळेत पोचून त्याला दवाखान्यापर्यंत आणणं शक्य नव्हतं. दादाला ताकीद मिळाली आणि प्रकरण मिटलं. त्या एका वाक्याने आमचं घर वाचवलं, असं मी तेव्हा म्हणायची. मीच सगळ्यात जास्त म्हणायची. "अरे दादा, पोचलंच नसतं कोणी! लिहून दिलंय साहेबाने. काहून जीव जाळून घेतो?" तो मान हलवायचा. त्या पानाची झेरॉक्स त्याने कपाटात ठेवली होती, चौक्यांच्या नकाशासोबत. वहिनी गेल्यावर कपाट आवरताना मला दिसली. घड्यांवर फाटायला आलेली, इतक्यांदा उघडलेली.

आता विमान. गेल्या हिवाळ्यात एका कंपनीने डुमना विमानतळावरून छोट्या विमानाची सैर सुरू केली. चार जणांचं विमान, सव्वा तास, बरगीचं धरण आणि पुढचं जंगल वरून दाखवणार. दादाची सत्तरी जवळ आलेली. मी म्हटलं, हा माणूस घरात बसून बुरसून जाईल, ह्याला जरा वर उचलू. माझ्या मुलाने, वेदांगने, फोनवर जागा धरून दिल्या. दादा ऐकून म्हणाला, "नको." मी खनपटीला बसले. तो दोन दिवस "नको"वरच. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन. हा माणूस स्वतःहून कधी फोन करत नाही.

"विनू, ते विमान मंडल्याच्या पुढे जाईल का? डिंडोरीच्या अंगाला?"

"काहून?"

"भालूखोह पाहायचंय. खरंच कुणी पोचलं नसतं का, ते पाहायचंय."

मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, बरंच होईल. वरून जंगल पाहील, मैलोन् मैल झाडी पाहील, आणि ह्याच्या मनातली ती गाठ एकदाची सुटेल. मलाही त्या साहेबाच्या वाक्यावर विश्वास होता. इतक्या वेळा म्हटलं होतं ना मी ते.

पायलट निघाली अवंतिका नावाची पोरगी, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी मनात म्हटलं, अगं बाई, हिच्या हातात आमचा जीव! पण पोरगी चुणचुणीत. दादाने नकाशा दाखवून जागा सांगितली. तिने स्वतःच्या नकाशाशी ताडून पाहिलं आणि म्हणाली, "हो जाएगा अंकल जी. नीचे नहीं उतरेंगे, पर एक चक्कर मार देंगे." दादा तिच्या शेजारी, मी मागे. कानाला हेडफोन लावायला दिले. दादाने ते इतक्या सवयीने लावले की पोरगी बघतच राहिली.

उडालो. जबलपूर खाली सरकलं, खमरियाची झाडी, मग शेतं. पाच-सात मिनिटांत बरगीचं पाणी आलं. काय ते पाणी! डोंगरांचे नुसते माथे वर राहिलेले, त्यांची बेटं झालेली, आणि एका बेटावर एकच झोपडी. मी ओरडले, "दादा, ते बघ!" त्याने पाहिलं आणि मान हलवली. त्याच्या मांडीवर नकाशा पसरलेला होता आणि बोट एका जागी दाबलेलं.

मग नर्मदेच्या वळणावळणांनी पुढे. शेतं कमी झाली, घरं संपली. सालाचं जंगल लागलं. जानेवारीचं स्वच्छ ऊन. खाली नुसता हिरवा-काळा रंग, मध्ये कुठे वाळलेल्या गवताचा तुकडा, कुठे सुकलेल्या नाल्याची पांढरी वाळू. रस्ता नाही, धूर नाही, माणूस नाही. विमानाची इवलीशी सावली तेवढी झाडांवरून पळत होती. मला भीती नाही वाटली, पण एकदम फार एकटं वाटलं. वाटलं, ह्यात एक माणूस अकरा वर्षं राहत होता, आणि दिवसातून दोनदा कोणीतरी त्याचं नाव घेत होतं, तेवढीच त्याची सोबत.

आणि खरं सांगते, मी मनातून खूशही झाले. जितकं जंगल दाट, तितकं साहेबाचं वाक्य खरं. मी हेडफोनमधून म्हटलं, "बघ दादा. कोण पोचणार इथे?"

"हो," तो म्हणाला. त्याचा खांदा किंचित खाली आला. मला मागून दिसला.

"अंकल जी, आपका टॉवर," अवंतिका म्हणाली.

एका लांबट टेकडीच्या अलीकडच्या उतारावर, झाडांतून वर आलेला गंजका लोखंडी मनोरा. खाली पडक्या खोलीच्या चार भिंती. बस. अवंतिकाने विमान एका अंगावर कलतं केलं आणि आम्ही भोवती फिरायला लागलो. दादा काचेला नाक लावून बघत होता. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. बहुतेक त्या शिडीच्या पायऱ्या मोजत असावा.

मग विमान टेकडीच्या पलीकडे गेलं.

पलीकडे गाव होतं.

टेकडीच्या पायथ्याशीच. कौलारू घरं, पन्नासेक तरी. कापून झालेली भातशेती, एक शाळेसारखी लांब इमारत, तिच्यासमोर पोरं आकाशाकडे बघून हात हलवणारी. गावाला लागून डांबरी रस्ता, आणि त्यावर एक बस थांबलेली. मनोऱ्यापासून गावापर्यंत टेकडीवरून पायवाट उतरलेली स्वच्छ दिसत होती. शाळेतल्या पोरांना मी अंतराची गणितं घालत आले. दीड किलोमीटर, फार तर दोन.

दादाने नकाशा वर धरला. मी मागून वाकून पाहिला. टेकडीच्या माथ्यावर एक जाड रेघ होती आणि रेघेच्या पलीकडे कोरा कागद. तिथे खात्याची हद्द संपत होती. पलीकडचा जिल्हा दुसरा, रेंज दुसरी, आणि म्हणून नकाशात ते गाव नव्हतंच. रेंज ऑफिस ह्या बाजूला, चौदा किलोमीटरवर. साहेबाने ह्याच नकाशावरून लिहिलं होतं. आणि दादाने बत्तीस वर्षं हाच नकाशा समोर भिंतीवर लावून हाजिरी घेतली होती. त्या कोऱ्या जागेत काय आहे, असं एकदाही कोणाला विचारलं नाही.

माझ्या तोंडून पटकन निघालं, "नवा रस्ता आहे तो, दादा. आता झाला असेल. सगळीकडे होऊन राहिलेत ना आता. तेव्हा कुठला रस्ता!"

त्याने नकाशा खाली ठेवला. मग म्हणाला, "झाडं बघ, विनू."

रस्त्याच्या दोन्ही कडांना आंब्याची झाडं होती. मोठाली, एकमेकांना भिडलेली, रस्त्यावर सावली धरणारी. साठ-सत्तर वर्षांची तरी असतील. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की मी खोटंही धड बोलू शकत नाही.

"एक चक्कर और?" अवंतिकाने विचारलं.

"नहीं बेटा," दादा म्हणाला. "चलो."

परत येताना त्याने एकदाही खाली पाहिलं नाही. नकाशाची घडी घातली आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसला. डुमनाला उतरल्यावर अवंतिकाने आमचा फोटो काढला. त्यात दादा सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे.

मी त्याला रांझीला घेऊन जायला बघितलं. चार दिवस राहा म्हटलं, भांडले, रडलेसुद्धा. आला नाही. पाचव्या दिवशी कळलं, की त्याने जुन्या ऑफिसात जाऊन बिसरामच्या बायकोचा पत्ता काढला. पेन्शनच्या कागदावर होता. गाव पिपरहा. मी मोबाईलवर शोधलं. तेच गाव. आंब्यांच्या रस्त्याचं. बिसरामचं घरच टेकडीपलीकडे होतं.

"मी तिला सांगून येतो," दादा म्हणाला.

"काय सांगून येतो?"

"काय झालं ते. एकोणीस वर्षं झाली. कोणीतरी जाऊन सांगायला पाहिजे होतं."

"मी येते सोबत."

"नको. मीच जातो."

पहाटेची डिंडोरीची बस धरून गेला. दमेकरी माणूस, ऐन थंडीत, गळ्याला वहिनीने विणलेला मफलर. मी दिवसभर घरात येरझारा घालत होते. चार वाजता न राहवून गढ्याला गेले, माझ्याकडच्या किल्लीने कुलूप उघडलं, वरणभात टाकला. साडेसातला तो आला. पहाटे निघालेला माणूस संध्याकाळच्या जेवणाला घरी! इतकं जवळ होतं ते अति दुर्गम.

हातपाय धुऊन पाटावर बसला. मी वाढलं. तो भात कालवत राहिला.

"भेटली?"

"भेटली. सुकरती नाव आहे. म्हातारी झालीये, पण कान तल्लख. मी दारातच म्हटलं, जबलपूर से आया हूँ, वायरलेस वाला. तर मला ओळखलंच तिने. आवाजावरून नव्हे, त्या 'वायरलेस' शब्दावरून. बिसराम महिन्यातून एकदा घरी यायचा, तेव्हा सांगायचा म्हणे, की जंगलात मी एकटा नाही, सकाळ-संध्याकाळ जबलपूरचे बाबू माझं नाव घेतात."

मी पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला.

"खाटेवर बसवलं. चहा केला. मी म्हटलं, बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. तर ती म्हणाली, आधी मला एक विचारायचंय. एकोणीस वर्षं विचारायचंय, पण कोणाला विचारणार? म्हणाली, वो नीचे पड़े थे तो आप ऊपर से पुकार रहे थे ना? बहुत पुकारा होगा आपने?"

दादाचा हात ताटात थांबला होता.

"सेटचा भोंगा मोठा होता, विनू. खाली ऐकू जायचं. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, मला तेवढीच शांती आहे. शेवटपर्यंत त्यांच्या कानात कोणीतरी त्यांचं नाव घेत होतं. अकेले नहीं गए."

"मग? तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. बहुत पुकारा, म्हणालो."

"मग बरोबरच आहे ना. हाक मारलीच होतीस तू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सत्तर वर्षांचा माणूस, आणि तोंड अगदी शाळेत मार खायला उभ्या राहिलेल्या मुलासारखं.

"सोमवारी संध्याकाळी एकदा मारली. तीनदा नाही, एकदाच. पुढे मारलीच नाही. वाटलं, बॅटरी गेलीये, उगाच कशाला. तीन हाजिऱ्या मी तिसाव्या चौकीवर थांबलो. बाकी सगळ्यांची नावं घेतली. तो खाली पडून ऐकत असेल. तिसावं नाव झालं की आता आपलं, असं वाटलं असेल त्याला."

मला त्याचा राग आला. फार आला. इतकी वर्षं मी ह्याच्या बाजूने तोंड वाजवत फिरले, आणि ह्याने हे पोटात ठेवलं. वाटलं, ताट उचलावं आणि निघून जावं. आणि त्याच वेळी वाटलं, की हा एकोणीस वर्षं ह्या घरात एकटा हे घेऊन बसला होता, वहिनी होती तेव्हाही. मी त्याच्या ताटात तूप वाढलं. तूप बाहेर सांडलं.

"सांगायला गेला होतास," मी म्हटलं, "आणि न सांगता आलास."

"सांगता नाही आलं. सांगितलं असतं तर तिच्याजवळ काय उरलं असतं?"

"मग आता कधीच सांगू नको तिला. ऐकलं? कधीच नाही."

"नाही सांगणार. म्हणून तर तुला सांगितलं."

मग तो जेवला. सगळं ताट संपवलं. मी भांडी घासून घरी आले.

सुकरतीला मराठी येत नाही. म्हणून मी हे मराठीत लिहिलं.